आधी गडी ठरवा, मग गेम : लहान मुलांसाठी ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळ निवडताना

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपतात, दुपारचं ऊन खाली उतरू देत नाही, आणि नाशिकमध्ये सिडको असो की गंगापूर रोड, घरोघरी एकच धोशा सुरू होतो : "आई, सगळे खेळतात तो गेम मला पण टाकून दे ना." मग पालक एकमेकांना विचारतात, सात-आठ वर्षांच्या पोराला कोणता गेम चांगला? प्रश्न इथेच थोडा चुकतो. गेमचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी ठरवायचं ते गडी कोण. पलीकडे पुण्याची आत्येबहीण असेल तर साधा लुडोसुद्धा अख्खी दुपार रंगवतो. पलीकडे कोण आहे हेच ठाऊक नसेल, तर गोंडस चित्रांचा आणि ‘३+’ शिक्क्याचा गेमही कुणा परक्याला मुलापर्यंत पोचण्याची वाट होऊ शकतो.

गल्लीतल्या खेळात धाकट्याला कच्चं लिंबू करून घेतात. त्याच्यावर राज्य येत नाही, कुणी दमात घेत नाही. ऑनलाइन खेळात ही सोय नसते. सर्व्हरच्या लेखी आठ वर्षांचा मुलगा आणि अठ्ठावीस वर्षांचा माणूस सारखेच खेळाडू असतात, विशेषतः खातं आईच्या जन्मसालाने उघडलेलं असेल तर. तेव्हा कच्चं लिंबू करण्याचं काम पालकांनाच, सेटिंगमध्ये जाऊन, करावं लागतं.

कोणत्या वयाला कोण गडी

पाच वर्षांपर्यंत ऑनलाइन मल्टिप्लेअर नकोच. या वयाला ‘सोबत खेळणं’ म्हणजे शेजारी बसून खेळणं. लुडो किंवा सापशिडीच्या ॲपमध्ये एकच फोन हातोहात फिरवून खेळायचा प्रकार असतो, तेवढा पुरे. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांना दोन तासांपेक्षा कमी स्क्रीन असावी. यात टीव्ही आणि यूट्यूबही आले. म्हणजे गेमच्या वाट्याला अर्धा-पाऊण तासच उरतो, आणि निवड करताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

सहा ते आठ वर्षांच्या मुलांनी फक्त ओळखीच्या माणसांबरोबर खेळावं : चुलत-मावस भावंडं, वर्गमित्र, शेजारची मुलं. ‘ओळखीचं’ याची कसोटी सोपी आहे. त्या मुलाच्या आई किंवा बाबांचा नंबर तुमच्या फोनमध्ये आहे का? नसेल तर तो ओळखीचा नाही. ‘तो माझा गेममधला बेस्ट फ्रेंड आहे’ हे चालत नाही.

नऊ ते अकरा या वयात अनोळखी गडी चालू शकतात, पण बोलणं बंद असेल किंवा ठरावीक वाक्यांपुरतंच असेल तरच. बुद्धिबळात समोरचा कोण आहे हे माहीत नसलं तरी बिघडत नाही, कारण तो फक्त घोडा हलवू शकतो. खुल्या जगाच्या गेममध्ये मात्र तोच अनोळखी माणूस मुलामागे फिरू शकतो, वस्तू भेट देऊ शकतो, ‘उद्या याच वेळी ये’ म्हणू शकतो. धोका चेहरा माहीत नसण्यापेक्षा या सलगीत जास्त आहे.

स्टोअरच्या पानावर काय वाचायचं

प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे शिक्के असतात. शिक्का सांगतो तो मुख्यतः गेमच्या आतल्या मजकुराबद्दल : मारामारी, रक्त, भीती, जुगार. गेममध्ये कोण भेटेल याबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही. ते कळायला गेमच्या माहितीत आणखी खाली जावं लागतं. तिथे शिक्क्याजवळच ‘यूजर्स इंटरॅक्ट’ असं लिहिलेलं असेल तर खेळाडू एकमेकांशी संपर्क करू शकतात. ‘इन-ॲप पर्चेसेस’ असेल तर आत दुकान आहे. ‘शेअर्स लोकेशन’ असेल तर लहान मुलासाठी तो गेम तिथेच बाद करायला हरकत नाही.

त्यानंतर परीक्षणं. सरासरी तारे बघण्यात अर्थ नाही. परीक्षणं ‘नवीन आधी’ अशी लावा, एक तारावाली उघडा आणि त्यात चॅट, जाहिराती, पैसे कापले, खातं हॅक हे शब्द शोधा. ‘लेव्हल फार कठीण आहे’ या तक्रारी सोडून द्या. ‘मुलाला घाणेरडे मेसेज आले’ अशी तक्रार दोन-चार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर पुढे जाऊ नका.

मुलाच्या आधी अर्धा तास स्वतः खेळा

निवडीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, आणि नेमका हाच टाळला जातो. गेम येत नसला तरी चालेल, उलट हरलात तर जास्त कळेल. मूल झोपल्यावर करा, म्हणजे ‘आता माझी पाळी’ होणार नाही.

१. नवीन खातं उघडा आणि जन्मतारीख मुलाची खरी टाका. गेमने वय विचारलंच नाही, तर लहान मुलांसाठी वेगळी वागणूक त्यात नाही असं समजा.

२. खेळ सुरू होण्याआधी किती परवानग्या मागितल्या ते बघा. लुडोला माइक आणि कॉन्टॅक्ट कशाला हवेत? सगळ्या नाकारा. तरीही गेम चालला तर उत्तम.

३. चॅट उघडा आणि दहा आकडी खोटा नंबर टाइप करून बघा. चांगल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) त्याच्या जागी तारे (***) किंवा खुणा (###) येतात. मग तोच नंबर शब्दांत लिहा : ‘नऊ आठ दोन...’. मग मराठीतली एखादी शिवी रोमन अक्षरांत. बहुतेक गाळण्या इंग्रजीसाठी घडवलेल्या असतात. मराठी-हिंदी शिव्या त्यातून आरामात निसटतात, आणि नाशिकचं पोर त्या इंग्रजीपेक्षा आधी ओळखतं.

४. कुणाला तरी ब्लॉक करून बघा. बटण तीन टॅपच्या आत सापडलं नाही तर घाबरलेल्या मुलाला ते सापडणारच नाही.

५. पहिल्या वीस मिनिटांत किती जाहिराती आल्या आणि कशाच्या, ते लक्षात ठेवा. जाहिरात बंद करायची फुली मुद्दाम बारीक ठेवलेली असते आणि मुलांचं बोट हमखास चुकीच्या जागी पडतं.

६. डाव अर्धवट सोडून बाहेर पडा. काय होतं?

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण घरातली निम्मी भांडणं त्यातूनच निघतात.

डाव संपतो कुठे

जेवायला हाक मारली की मूल ‘पाचच मिनिटं’ म्हणतं आणि आपण त्याला हट्टी ठरवतो. बऱ्याचदा ते खरं बोलत असतं. टीम असलेल्या गेममध्ये मधेच बाहेर पडलं की गुण कापले जातात, काही वेळ पुढचा डाव लावता येत नाही, आणि टीममधली मुलं दुसऱ्या दिवशी शाळेत ऐकवतात. म्हणून निवडतानाच डावाची लांबी बघायची. दोघांना दहा-दहा मिनिटांचं घड्याळ लावलेला बुद्धिबळाचा डाव फार तर वीस मिनिटांत संपतो. अमंग असची एक फेरी साधारण दहा-पंधरा मिनिटांची. चौघांचा लुडो अर्धा तास सहज खातो, म्हणून त्यातला क्विक प्रकार बरा. बॅटल रॉयलचा, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंत चालणाऱ्या लढाईच्या गेमचा, डाव शेवटपर्यंत टिकलं तर अर्ध्या तासापर्यंत जाऊ शकतो. आणि माइनक्राफ्ट, रोब्लॉक्ससारख्या खुल्या जगांना शेवटच नसतो. तिथे ‘हे घर बांधून झालं की बंद’ असा टप्पा आधी ठरवून घ्यावा लागतो.

वेळ मिनिटांत देण्यापेक्षा डावांत द्या. ‘दोन डाव’ हे मुलाला समजतं आणि पाळताही येतं. ‘तीस मिनिटं’ म्हटलं की एकोणतिसाव्या मिनिटाला नवा डाव लागलेला असतो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतल्या शिफ्टमुळे ज्या घरात बाबा रात्री उशिरा येतात, तिथे खेळाची वेळ संध्याकाळी आई-आजी घरात वावरत असताना ठेवा. रात्री दहानंतर भारतातल्या सर्व्हरवर मोठ्यांचीच वर्दळ जास्त असते.

रोज आल्याबद्दल बक्षीस, सलग सात दिवस आल्यास मोठं बक्षीस, आज नाही आलं तर साखळी तुटली : हा प्रकार ज्या गेममध्ये ठळक आहे तो दहा वर्षांखाली टाळावा. निदान त्याच्या नोटिफिकेशन तरी बंद करा. नाहीतर मूल खेळायला नाही, साखळी वाचवायला फोन मागतं.

काही गेम, नावानिशी

*लुडो किंग.* २०१६ पासून चालत आलेला, नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा. भावंडांसाठी यातली ‘प्ले विथ फ्रेंड्स’ खोली वापरा : एकाने खोली उघडायची, मिळालेला कोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, बाकीच्यांनी तो घालून आत यायचं. ‘ऑनलाइन’चं बटण अनोळखी लोकांकडे नेतं, ते लहान मुलांना नको. जाहिराती भरपूर आहेत. व्हॉइस चॅटची सोय आहे, पण फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची माइक परवानगी नाकारली की ती निकामी होते. हवंच असेल तर शेजारी दुसऱ्या फोनवर आजीचा व्हिडिओ कॉल लावा. गप्पा तिकडे, सोंगट्या इकडे.

*लिचेस.* बुद्धिबळाचं ॲप. फुकट, जाहिराती नाहीत, आत दुकान नाही. खात्यात ‘किड मोड’ सुरू केला की चॅट, निरोप, फोरम सगळं गायब होतं आणि फक्त पट उरतो. नऊ वर्षांवरच्या मुलाला अनोळखी प्रतिस्पर्ध्याशी खेळू द्यायचं असेल तर यापेक्षा निर्धोक सुरुवात आम्हाला दिसत नाही. ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात मुलाला बुद्धिबळाकडे वळवायला फार समजवावं लागत नाही. नवख्याला सलग हार पचत नाही, तेव्हा आधी संगणकाच्या सोप्या पातळीशी आणि कोड्यांशी आठवडाभर खेळू द्या. एक मिनिटाचे ‘बुलेट’ डाव मुलांना फार आवडतात, पण त्यातून विचार करायची सवय लागत नाही, नुसती घाई अंगात भिनते. दहा मिनिटांचं घड्याळ बरं.

*माइनक्राफ्ट.* एकदा विकत घ्यावा लागतो, आणि याच कारणाने आम्ही तो फुकट गेमच्या वर ठेवतो : रोजचं आमिष दाखवायची त्याला गरज कमी पडते. मात्र आत मार्केटप्लेस नावाचं दुकान आहे, हे विसरू नका. लहानग्यांसाठी ‘क्रिएटिव्ह’ मोड आणि ‘पीसफुल’ पातळी लावा : राक्षस नाहीत, मरणं नाही, बांधकामच बांधकाम. एकाच घरात दोन फोनवर खेळायला इंटरनेटच्या अनोळखी सर्व्हरची गरज नाही. दोन्ही फोन एकाच वायफायवर घ्या, एकाने जग उघडताना मल्टिप्लेअर आणि ‘लॅनवर (म्हणजे घरच्या नेटवर्कवर) दिसू द्या’ ही दोन्ही बटणं चालू ठेवायची, दुसऱ्याच्या यादीत ते जग आपोआप दिसतं. दिसलं नाही तर तीन कारणं बहुतेक वेळा सापडतात. एका फोनवर अपडेट झालंय आणि दुसऱ्यावर नाही. एक फोन राउटरच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर आहे. किंवा राउटरमध्येच उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारं सेटिंग चालू आहे. शेवटच्या दोन्ही बाबतींत सोपा उपाय म्हणजे एका फोनचा हॉटस्पॉट लावून दुसरा त्यावर घेणे. दूरच्या भावंडाबरोबर खेळायचं तर मुलाचं मायक्रोसॉफ्ट खातं पालकांच्या फॅमिली ग्रुपमध्ये घ्यावं लागतं आणि मायक्रोसॉफ्टच्याच एक्सबॉक्स सेवेच्या प्रायव्हसी पानावर मल्टिप्लेअरची परवानगी वेगळी द्यावी लागते. मुलाच्या खात्यावर हे बंद असलं की ‘तुमच्या खात्याच्या सेटिंगमुळे खेळता येत नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो आणि पालक वैतागून स्वतःचं खातं लावून देतात. ते करू नका. सगळं कुंपण तिथेच पडतं.

*रोब्लॉक्स.* सगळ्यात जास्त मागणी याची आणि सगळ्यात जास्त काम यावरच. हा एक गेम नव्हे, लोकांनी बनवलेल्या लाखो गेमचा बाजार आहे. त्यामुळे ‘रोब्लॉक्स चांगला की वाईट’ याला उत्तर नाही, त्यातला कोणता खेळ हे बघावं लागतं. पालकांनी आपलं वेगळं खातं काढून मुलाच्या खात्याशी जोडावं. मग आपल्याच फोनवरून मजकुराची पातळी, रोजचा वेळ, महिन्याच्या खर्चाची मर्यादा आणि मित्रयादी हाताळता येते. मजकुराच्या पातळ्या चार आहेत : मिनिमल, माइल्ड, मॉडरेट, रिस्ट्रिक्टेड. आठ वर्षांपर्यंत मिनिमल, पुढे फार तर माइल्ड. चॅटसाठी आता वयाची तपासणी लागते आणि नऊ वर्षांखालच्यांचं चॅट पालकांनी मुद्दाम सुरू केल्याशिवाय बंद असतं. ते बंदच राहू द्या. मित्रांबरोबर खेळायला प्रायव्हेट सर्व्हर मिळतो, काही खेळांत फुकट, काहींत रोबक्स (रोब्लॉक्सचं चलन) मोजून. पालकांना हे सगळं करायला तासभर नसेल तर रोब्लॉक्स सध्या नको, इतकं सरळ आहे.

*अमंग अस.* आपल्यात लपलेला खुनी ओळखून बाहेर काढायचा खेळ. दहाच्या आसपासच्या मुलांना वाढदिवसाला वगैरे मस्त. चार ते पंधरा जण खेळू शकतात, खाजगी खोलीचा कोड मिळतो, एका वायफायवर लोकलही चालतो. लहान वयाच्या खात्याला फक्त ठरावीक वाक्यांचं ‘क्विक चॅट’ मिळतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र ‘तूच खुनी’ म्हणून सगळ्यांनी मिळून बाहेर काढलं की खरंच रडू येतं, तेव्हा घाई नको.

*बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया), फ्री फायर मॅक्स.* दहा वर्षांखालच्यांना नाही. बंदुका हे एकच कारण नाही. अनोळखी टीमशी उघडा माइक, लांब डाव, रँकची चढाओढ आणि कपडे-बंदुकांचं दुकान हे सगळं एकत्र येतं. बीजीएमआय अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांवर थांबवतो, आणि ही मर्यादासुद्धा बालरोगतज्ज्ञांच्या दोन तासांच्या वर जाते. मूळ फ्री फायर फेब्रुवारी २०२२ पासून भारतात बंद आहे. कुणी त्याची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवली तर ती प्ले स्टोअरबाहेरची आहे आणि सोबत काय घेऊन येईल सांगता येत नाही.

*कॅरम पूल, एट बॉल पूल.* चॅट मर्यादित, डाव छोटे, दिसायला निरुपद्रवी. पण प्रत्येक डावाला नाणी लावायची आणि जिंकणाऱ्याने दोघांची न्यायची ही रचना आहे. पैसे खरे नसले तरी ‘हरलेलं परत मिळवू’ ही ओढ खरी असते. आमच्या मते बाराच्या आत नको.

फोन तयार करणे

लहान मूल आईच्या फोनवर खेळतं ही आपल्याकडची वस्तुस्थिती. म्हणजे गेम आईच्या गूगल खात्याने, मोठ्या माणसाच्या परवानग्यांनी उघडतो, आणि त्याच फोनवर यूपीआय, बँक, व्हॉट्सॲप सगळं असतं. यावर सगळ्यात स्वस्त तोडगा म्हणजे कपाटात पडलेला जुना फोन. तो फॅक्टरी रीसेट करा, सिम घालू नका, घरच्या वायफायवर चालवा. गूगलच्या फॅमिली लिंक या पालकांसाठीच्या ॲपमधून मुलाच्या खऱ्या जन्मतारखेचं गूगल खातं बनवून फोनवर तेवढं एकच खातं ठेवा. त्यानंतर प्रत्येक नव्या ॲपची विनंती तुमच्या फोनवर येते, वेळेची मर्यादा लागते, झोपेच्या वेळी फोन आपोआप कुलूपबंद होतो. बॅटरी फुगलेली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल, तर मात्र तो फोन मुलाच्या हातात देऊ नका. आधी एमजी रोडवर नेऊन बॅटरी बदलून घ्या.

दुसरा फोन नसेल तर निदान ॲप पिनिंग वापरा. सिक्युरिटी सेटिंगमध्ये ते सुरू करताना ‘बाहेर पडताना पिन विचारा’ हेही चालू करा. मग मुलाला त्या गेमबाहेर जाता येत नाही. आयफोनवर याला गाइडेड ॲक्सेस म्हणतात आणि बाजूचं बटण तीनदा दाबून ते लागतं. शाओमीच्या काही फोनमध्ये ‘सेकंड स्पेस’ मिळते, तीही चांगली : मुलाची बाजू वेगळी, आपली वेगळी.

खेळाडूचं नाव मुलाला ठेवू द्या, पण त्यात खरं नाव, आडनाव, शाळा, जन्मसाल आणि ‘नाशिक’ नको. ‘आरव_नाशिक_२०१७’ या एका नावात वय आणि गाव दोन्ही कळतं. प्रोफाइलला फोटोही नको, युनिफॉर्ममधला तर नाहीच.

नेटबद्दल थोडक्यात. खेळताना डेटा फार जात नाही, अपडेट मात्र एकेक जीबीची असते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ती आली की बाकी दिवस ठप्प. अपडेट फक्त वायफायवर ठेवा. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, शंभर मिलिसेकंदांच्या आत असेल तर मुलांच्या गेमला पुरतं. अडकत असेल तर राउटरच्या खोलीत बसवून बघा, तिथे सुधारलं तर दोष भिंतींचा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फोन चालू असतो पण राउटर बंद पडतो, आणि डाव गेला म्हणून घर डोक्यावर घेतलं जातं. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

पैसा

ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. तरी परदेशी ॲप आणि त्यांच्या जाहिराती कुठून तरी डोकावतात. ‘जिंका आणि खात्यात जमा’ असं दिसलं की मुलाने फोन आणून द्यायचा, हे आधीच सांगून ठेवा.

कायदेशीर गेममधला खर्च वेगळा, आणि पालकांचा खिसा बहुतेक तिथेच कापला जातो. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीची पडताळणी ‘प्रत्येक खरेदीला’ अशी ठेवा. मुलाचं बोट फिंगरप्रिंटमध्ये नोंदवलेलं असेल तर काढून टाका. कौतुकाने नोंदवलेलं हेच बोट पुढे खरेदी मंजूर करतं. यूपीआय पिन मुलासमोर टाकू नका. सहा वर्षांचं मूलही बोटांची चाल पाठ करतं. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपे यादीत महिन्यातून एकदा डोकवा, ‘सात दिवस फुकट’वाली वर्गणी तिथे सापडते. आणि कोपऱ्यावरच्या रिचार्जच्या दुकानात प्ले स्टोअरचे कोड रोख पैशात मिळतात, तेव्हा भाऊबीजेची ओवाळणी कुठे गेली हे विचारायला लाजू नका.

खर्च करू द्यायचाच असेल तर महिन्याला एक रक्कम ठरवा आणि ती गिफ्ट कोडने भरा, कार्ड जोडू नका. कोड संपला की विषय संपला. बंद पेटीत काय निघेल ते माहीत नसताना पैसे टाकायचे प्रकार मात्र त्यातूनही नकोत.

‘फ्री रोबक्स’, ‘डायमंड जनरेटर’ असं काही अस्तित्वात नसतं. ती पानं पासवर्ड चोरायला असतात, आणि त्यांची लिंक अनेकदा वर्गमित्राच्याच हॅक झालेल्या खात्यावरून येते.

मुलाला काय सांगून ठेवायचं

लांब भाषण नको, चार गोष्टी पाठ हव्यात. नंबर, शाळा, पत्ता, फोटो कुणी मागितला की उत्तर न देता फोन आईकडे. ‘आईबाबांना सांगू नको’ असं कुणी म्हटलं की लगेच सांगायचं. गेममधून व्हॉट्सॲप, टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर बोलावलं की जायचं नाही. कुणी फुकट भेट दिली तरी ती घेण्याआधी विचारायचं.

याच्या बदल्यात पालकांनी एक शब्द द्यावा लागतो : सांगितलंस तर गेम काढून घेणार नाही. हा शब्द मोडला की पुढच्या वेळी मूल गप्प बसतं. मुलं लपवतात ती बहुधा अनोळखी माणसाच्या भीतीने नाही, फोन जाईल या भीतीने. खेळायची जागा हॉलमध्ये, हेडफोन नाही, आवाज मोठ्यांना ऐकू येईल इतका.

काही बिघडलं तर

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्क्रीनशॉट : समोरच्याचं खेळाडूनाव, मजकूर आणि वेळ दिसेल असा. मग गेममध्ये रिपोर्ट. ब्लॉक सगळ्यात शेवटी, कारण काही गेममध्ये ब्लॉक केलं की संभाषण नाहीसं होतं आणि पुरावाही जातो. रागाच्या भरात ॲप उडवू नका. समोरच्याला स्वतः शिव्या घालायलाही जाऊ नका, तो सावध होऊन खातं बंद करतो.

मुलाने चुकून खरेदी केली असेल तर प्ले स्टोअरवर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करा. त्यानंतर गेम बनवणाऱ्या कंपनीकडे मागावं लागतं आणि पैसे मिळण्याची शक्यता घटते. फसवणुकीने पैसे गेले असतील तर तासाभराचीही वाट न पाहता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता आले तरच परत येतात. मुलाला कुणी अश्लील मजकूर पाठवला, फोटो मागितला, धमकावलं तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, नाशिक शहर पोलिसांचं सायबर पोलीस ठाणे आहे, आणि १०९८ ही चाइल्डलाइन चोवीस तास चालू असते. ठाण्यात जाताना मुलाचा फोन चार्ज करून, काहीही न पुसता, सोबत न्या.